फाटकाला टाळं लागलं तरी

सकाळी डबा घेऊन कामगार येतो, तर फाटकाला टाळं आणि भिंतीवर कागद: 'कारखाना बंद'. सगळं संपलं, असं वाटतं. पण नोकरी संपली म्हणून हक्क संपत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. कारखान्यात ५० किंवा अधिक कामगार असतील, तर मालकाने तो बंद करण्याच्या ६० दिवस आधी सरकारला कळवायला हवं. ३०० किंवा अधिक असतील, तर ९० दिवस आधी परवानगीच मागायला हवी.

आणि कामगाराला काय? वर्षभर सलग नोकरी झाली असेल, तर महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार; शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. रोज सरासरी ६०० रुपये मिळवणाऱ्याची १२ वर्षं भरली असतील, तर भरपाई होते १ लाख ८ हजार. ग्रॅच्युइटी वेगळी. थकलेला पगार तर दोन कामाच्या दिवसांतच द्यायचा असतो.

अटळ, हाताबाहेरच्या कारणाने कारखाना बंद पडला, तर भरपाई तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त नसते. पण 'तोटा झाला', 'माल पडून राहिला' ही कारणं कायदा अटळ मानत नाही.

अडतं ते पुराव्यापाशी. तोंडी शब्दावर वीस वर्षं माग चालवलेल्याची नोकरी कागदावर एक दिवसाचीही नसते. म्हणून पगाराची चिठ्ठी, हजेरी कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर आजच घरी जपून ठेवा. आणि पैसे बुडाले, तर वर्षाच्या आत कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करा.