रानटी स्ट्रॉबेरी ओळखावी कशी?

उन्हाळी सुटीत सिमला, मनाली, नैनितालकडे जाऊन आलेली मंडळी दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टर, तिकडे पायवाटेच्या कडेला स्ट्रॉबेरीसारखी बारीक लाल फळे होती. मुलांनी तोडून खाल्ली. काही अपाय तर होणार नाही ना?" बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असेच असते. पण फळ नेमके कोणते, हे पालकांना सांगता येत नाही आणि डॉक्टरची खरी अडचण तिथेच होते.

हिमालयाच्या थंड पट्ट्यात रानटी स्ट्रॉबेरी आपोआप उगवते. आपल्या महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी ही तिची फार तर चुलत बहीण. ती अमेरिका खंडातील दोन जातींच्या संकरातून १८व्या शतकात युरोपात तयार झाली. रानटी फळ मात्र नखाएवढे. रोप जेमतेम वीतभर, देठाला तीन-तीन पाने, पानांच्या कडा करवतीसारख्या. हरळी जशी जमिनीवर पसरते, तसे हे रोपही बारीक दोरे सोडून जागोजागी मुळे धरते.

पण एवढ्या वर्णनावर विसंबणारा फसेल. अगदी अशीच तीन पाने, असेच पसरणे आणि असेच लाल फळ असलेले दुसरे रोप त्याच भागात असते. तिला नकली स्ट्रॉबेरी म्हणावे. फरक फुलात आहे. खरीचे फूल पांढरे, नकलीचे पिवळे. फुले झडली असतील तर फळ पाहावे. खरीचे फळ देठावर खाली लोंबते आणि त्याला सुरेख वास असतो. नकलीचे फळ वर तोंड करून ताठ उभे असते, वास नाही आणि चव पाणचट. नकली विषारी नाही, हे आधीच सांगून टाकतो. मुलाने मूठभर खाल्ली तरी घाबरण्याचे कारण नाही. मात्र काही मुलांना खऱ्या स्ट्रॉबेरीनेही तोंडाभोवती लाली येते किंवा अंगावर गांधी उठतात. अशांना ती देऊ नये.

या फळाच्या औषधी गुणांचा बराच बोलबाला आहे. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणारा स्वीडनचा लिनिअस आपला संधिवात स्ट्रॉबेरी खाऊन बरा झाला असे मानत असे. मानो बापडा! माझ्या रुग्णांनी त्या भरवशावर युरिक ॲसिडच्या गोळ्या बंद करू नयेत. क जीवनसत्त्व हवे असेल तर आपला पेरू आणि आवळा स्ट्रॉबेरीच्या कितीतरी पुढे आहेत.

काळजी आहे ती वेगळीच. लाल फळ गोड असते, हा धडा घेऊन मूल घरी येते आणि पावसाळा सरता सरता आपल्याच डोंगरउतारावर त्याला सापकांदा दिसतो. त्याची लालभडक फळे मक्याच्या कणसासारखी दाटीने लागतात. कच्चा अळू खाल्ल्यावर घसा का खाजतो, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच जातीचे सुईसारखे स्फटिक या फळात असतात. तोंडाची आग होते, जीभ व ओठ सुजतात. गुंजेची बी आणि मोगली एरंडाची बी तर याहून घातक.

असे काही खाल्ल्याचा संशय आल्यास तोंडातील उरलेले काढावे व चुळा भरायला लावाव्यात. मीठपाणी पाजून उलटी करवू नये. त्याने मुलाच्या जिवावर बेतू शकते. घशाला सूज येऊन श्वास लागत असेल, मूल बरळत असेल किंवा गुंगीत असेल तर तोंडाने काहीही न देता थेट रुग्णालय गाठावे. गुंज किंवा मोगली एरंड खाल्ला असेल तर मूल ठणठणीत दिसले तरी थांबू नये, कारण त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो. निघताना त्या झाडाची पान-फळासह एक फांदी पिशवीत घालून आणावी. फांदी तोडणे जमले नाही तर मोबाइलवर फोटो काढावा, पण फळाबरोबर पान आणि असल्यास फूलही त्यात आले पाहिजे.