पंप दुकानात, पेशंट घरी : टीमला ट्रेनिंग एकत्र का द्यायचं?



'पहिला माणूस कामावर ठेवताना' हा व्हिडिओ पाहून तुमच्यापैकी अनेकांनी एकच गोष्ट विचारली : "पोरं हुशार आहेत, आपापलं काम येतं, तरी घोटाळे होतातच. चुकतं कुठं?"

याचं उत्तर मला माझ्याच दुकानात मिळालं, आणि ते महागात पडलं.

जठारपेठेत माझं सर्जिकल सामानाचं दुकान आहे. व्हीलचेअर, वॉकर, नेब्युलायझर, एअर बेड असं सगळं. एका संध्याकाळी एक गृहस्थ आले. वडिलांना लकवा झालेला, त्याच दिवशी दवाखान्यातून सुट्टी मिळालेली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी एअर बेड सांगितला होता. काउंटरवरच्या पोरानं पंप लावून दाखवला, बिल केलं. गोडाऊनवाल्यानं गादीचा बॉक्स काढून दिला. डिलिव्हरीवाल्यानं तासाभरात घरी पोचवला.

पंप मात्र काउंटरच्या प्लगलाच लागलेला राहिला. आणि पंपाशिवाय एअर बेड म्हणजे नुसती प्लास्टिकची चादर.

सकाळी शटर उघडलं तर ते गृहस्थ बाहेर उभे. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "रात्रभर दर दोन तासांनी आम्ही दोघं भाऊ बाबांची कूस बदलत होतो." ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तिघांना विचारलं. एक म्हणे, "मी तं बिलात लिहिलं होतं." दुसरा म्हणे, "मले फक्त बॉक्स काढाले सांगितला." तिसरा म्हणे, "भाऊ, मले पंप कोणी देल्लाच नाही." तिघंही खरं बोलत होते. प्रत्येकाला ट्रेनिंग मीच दिलं होतं, पण वेगवेगळं. एकाच्या हातातलं काम दुसऱ्याच्या हातात कसं जातं, ते कोणालाच शिकवलं नव्हतं.

गडचिरोलीत दोघी का लागल्या?

हाच प्रश्न आपल्या विदर्भात फार मोठ्या पातळीवर सोडवला गेलाय. तिथं पणाला बाळाचा जीव होता.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीच्या गावांत नवजात बाळांवर काम केलं. तेव्हा बाळंतपणं घरीच व्हायची, दाई करायची. दाईंना प्रशिक्षण दिलेलं होतं. बाळ रडलं नाही, श्वास घेतला नाही, तर तोंडानं श्वास कसा द्यायचा हेही त्यांना येत होतं.

पण तो क्षण डोळ्यांसमोर आणा. बाळ बाहेर आलंय, निपचित आहे. त्याच वेळी आईची वार पडायचीय, रक्तस्रावाकडे लक्ष द्यायचंय. पेशंट दोन आणि हातांची जोडी एकच. बाळाकडे वेळ मोजून काही मिनिटांचा.

मग गावातलीच शिकवलेली आरोग्यदूत दाईच्या जोडीला आली. दाईचं काम काढून घेतलं नाही. वाटणी स्पष्ट झाली : दाईनं आईकडे पाहायचं, आरोग्यदूतानं बाळाकडे. बाळ पुसायचं, गुंडाळायचं, श्वास नसेल तर साधनानं द्यायचा. सुरुवातीला ट्यूब आणि मास्क होता, १९९९ पासून बॅग आणि मास्क.

निकाल काय? आधी हे काम एकट्या दाईकडे होतं. त्याच्याशी तुलना केली तर १९९६ ते २००३ या जोडीच्या काळात जन्मताना श्वास कोंडून होणारे बाळांचे मृत्यू ६५ टक्क्यांनी कमी झाले. साधनंही सुधारली होती, हे खरं. पण ते साधन त्या मिनिटाला हातात घ्यायला कोणीतरी मोकळं असावं लागतं ना!

मोठ्या दवाखान्यांतही हीच गोष्ट

हा फक्त खेड्यातला प्रश्न नाही. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट यांचे कोर्स वेगळे, वर्ग वेगळे, परीक्षा वेगळ्या. आपल्या राज्यात १९९८ पासून हे सगळे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली आहेत, तरी प्रत्येकाचा अभ्यासक्रम आपापला. एकत्र येतात ते थेट पेशंटच्या खाटेजवळ. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये सांगितलं की, वेगवेगळ्या आरोग्य शाखांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकलं पाहिजे.

याच संघटनेची ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची चेकलिस्ट आहे. त्यात एक मुद्दा असा : चिरा देण्याआधी टीममधल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं. पोरखेळ वाटतो? दिल्लीसह जगातल्या ८ शहरांतल्या दवाखान्यांत ती वापरून पाहिली. २००९ मध्ये छापलेल्या आकड्यांनुसार, ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले.

तुमच्या धंद्यात काय करायचं?

तुमचं दुकान असो, मेस असो की टेलरिंग, तीन गोष्टी करा.

१. हात बदलतो ती जागा शोधा. एक ऑर्डर घ्या आणि ती कोणाकडून कोणाकडे जाते ते कागदावर लिहा. घोटाळा बहुतेक वेळा तिथंच होतो. माझ्याकडे तो काउंटर आणि गोडाऊनच्या मधे होता.

२. नाव घेऊन जबाबदारी द्या. 'कोणीतरी बघा रे' म्हणजे कोणीच बघत नाही. आमच्याकडे आता ऑटो निघण्याआधी डिलिव्हरीवाला बिल मोठ्यानं वाचतो आणि गोडाऊनवाला प्रत्येक वस्तूला हात लावून 'आहे' म्हणतो. लागते फक्त मिनिटभर.

३. एकमेकांचं काम करायला लावा. महिन्यातून एक दिवस अदलाबदल. बदली कामात चूक झाली तर रागवायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही.

तिसऱ्या गोष्टीचा फायदा मला वाटला नव्हता इतका झाला. काउंटरवरचं पोरगं पहिल्यांदाच एका पेशंटच्या घरी एअर बेड बसवायला गेलं. परत आलं ते म्हणालं, "भाऊ, तिथं तं प्लगच खाटेपासून लांब होता. वायर पुरतच नव्हती." डिलिव्हरीवाल्याला हे कधीचं माहीत होतं. त्याला कोणी विचारलं नाही, त्यानं कोणाला सांगितलं नाही. आता बिल करताना काउंटरवरच विचारतात, "खाटेजवळ प्लग आहे का?" नसेल तर एक्स्टेंशन बोर्ड सोबत जातो. ग्राहकाची चक्कर वाचते, आपली विक्रीही वाढते.

त्या गृहस्थांकडे त्या दिवशी मी स्वतः पंप घेऊन गेलो, बेड बसवून दिला. भाडं घेतलं नाही. पण त्यांची ती रात्र मला परत देता आली नाही.

या आठवड्याचा गृहपाठ : टीमला अर्धा तास एकत्र बसवा. प्रत्येकानं फक्त एवढंच सांगायचं, "माझं काम नीट होण्यासाठी मला तुझ्याकडून काय लागतं." तुम्ही मालक आहात, म्हणून तुम्ही सगळ्यात शेवटी बोला.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, मन लावून करा!