मुंगी अल्गोरिदम
मुंगी अल्गोरिदम : मुंग्यांच्या वसाहतीत कोणाच्याही आज्ञेवाचून निर्माण होणाऱ्या व्यवस्थेवरून सुचलेली गणनरीत. मध्यवर्ती नियंत्रक नसलेल्या संगणक-जाळ्यांत माहितीची वर्गवारी, तिचा शोध व संदेशांची मार्गनिश्चिती यांसाठी ती योजतात.

एकाने केलेल्या कामाच्या खुणेमुळे दुसऱ्याच्या कामास चालना मिळते, हे तत्त्व प्येर-पॉल ग्रासे या फ्रेंच प्राणिवैज्ञानिकांनी वाळवीच्या वारूळबांधणीवरून १९५९ मध्ये मांडले [⟶ वाळवी]. मुंग्यांत फेरोमोन हे गंधद्रव्य अशी खूण ठरते. वारूळ व अन्न यांमध्ये लांब व आखूड असे दोन पूल ठेवल्यास अर्जेंटिनी मुंग्यांची बहुतेक वर्दळ आखूड पुलावर एकवटते, असे ब्रुसेल्स येथील संशोधकांनी १९८९ मध्ये दाखविले. त्या पुलावरून गेलेल्या मुंग्या लवकर परततात, तेथील गंध आधी दाट होतो व इतर मुंग्या तिकडे वळतात. दोन्ही पुलांची तुलना कोणत्याही मुंगीने केलेली नसते.

वर्गवारीच्या रीतीला गंधाचीही गरज नसते. काही जातींच्या मुंग्या मृत मुंग्यांचे ढीग रचतात. झां-लुई दनबूर व त्यांचे सहकारी यांच्या १९९१ मधील प्रतिकृतीत कृत्रिम मुंगी यदृच्छया फिरते. सभोवती सारख्या वस्तू विरळ असल्यास ती वस्तू बहुधा उचलते आणि दाट असल्यास बहुधा खाली ठेवते. एवढ्यावरून विखुरलेल्या वस्तूंचे जातवार ढीग बनतात. वस्तूंऐवजी नोंदी घेऊन त्यांतील साम्य मोजले की, हीच रीत माहितीला लागू पडते.

२००० मध्ये आलेल्या नुटेला या जाळ्यात पृच्छा सर्व शेजारी संगणकांकडे व तेथून पुढे पाठविली जाई, त्यामुळे एका शोधापायी संदेशांचा पूर येई. मुंगी-रीतीत मोजकेच संदेश निघतात. माहिती सापडल्यास परतीच्या वाटेवरील प्रत्येक संगणकाच्या तक्त्यात त्या दिशेचा अंक वाढवितात. न वापरलेल्या दिशांचे अंक कालांतराने घटवितात. हे गंध विरण्यासारखेच होय. ते नसेल, तर बंद पडलेल्या संगणकांकडेही संदेश जातच राहतील. मार्गनिश्चितीसाठी जान्नी दी कारो व मार्को दोरिगो यांनी १९९८ मध्ये मांडलेली अँटनेट ही रीत प्रसिद्ध आहे. तिच्यातील ‘मुंग्या’ आलेली वाट स्मरणात ठेवतात व प्रवासाचा काळ मोजतात, म्हणजे त्या खऱ्या मुंग्यांपेक्षा बऱ्याच हुशार आहेत.

आरंभी रूढ झालेली वाट दाट होऊन नंतर उपलब्ध झालेली चांगली वाट दुर्लक्षित राहणे, हा या रीतींचा मोठा दोष होय. शिवाय विरळा आढळणारी माहिती सापडेलच, अशी हमी त्या देत नाहीत. कॉर्डसारख्या (२००१) नियमबद्ध रचनांत अशी हमी मिळते. परंतु तेथे नोंदीचे अचूक नाव आधी ठाऊक असावे लागते.