जुनी गादी, जुना पलंग : टाकण्यापूर्वी थोडा विचार

दिवाळीची आवराआवर निघाली की, अथवा घरातील वडीलधाऱ्यांच्या निधनानंतर, जुनी गादी व पलंग यांचे काय करावे हा प्रश्न युसूफ वडगावसारख्या गावी उभा राहतो. पुष्कळदा गादी ओढ्याकाठी टाकली जाते वा जाळली जाते. दोन्ही मार्ग अनुचित होत. केज तालुक्यातील धनेगावच्या मांजरा धरणाचे पाणी लातूरकर पितात. त्या खोऱ्यातील ओढा म्हणजे उकिरडा नव्हे. फोम जाळल्यास कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू निघतात. गादीतील जीवांची हिंसा होते ती वेगळीच. उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये दंड राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये ठरविला आहे.

वहीत घसारा धरून वस्तूची किंमत शून्य झाली, तरी तिचा उपयोग संपत नाही. कापसाची गादी पिंजाऱ्याकडे दिल्यास कापूस पुन्हा फुलतो. नवी खोळ घातली की गादी तयार. लोखंडी पलंग भंगारात वजनावर विकला जातो. सागवानी पलंगाच्या फळ्यांतून सुतार पाट वा मांडणी करून देतो. धड फोम कापून दुकानातील बैठकीस वापरावा.

दान करावयाचे असल्यास स्वच्छ व न फाटलेलीच वस्तू, घेणाऱ्यास विचारून द्यावी. निरुपयोगी गादी दुसऱ्याच्या दारी लोटणे हे दान नव्हे.