मुक्त संगणक प्रणालींचा दर्शनी भाग : बाजारातील प्रणालींकडून काय घ्यावे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या संगणक प्रणालीला पुरविली जाणारी नियमित सेवा थांबविली. त्यानंतर काही काळ अटींवर अथवा शुल्क भरून वाढीव सुरक्षेची सोय ठेवण्यात आली असली, तरी ती कायमची नव्हे. ‘विंडोज ११’ बसवावी म्हटले, तर तिच्यासाठी संगणकात विशिष्ट सुरक्षा चकती आणि बऱ्यापैकी नवा प्रक्रियक असावा लागतो. साधारणपणे २०१८ पूर्वीचे संगणक या अटीत बसत नाहीत. शाळेच्या संगणक कक्षातील, ग्रामपंचायतीच्या कपाटाशेजारील किंवा परळ-लालबागच्या एखाद्या सहकारी पतपेढीतील यंत्र उत्तम चालत असूनही ते कालबाह्य ठरते, ते असे.

यावर दोन उपाय संभवतात. एक म्हणजे ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन नवा संगणक खरेदी करणे. दुसरा म्हणजे जुन्याच यंत्रावर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसविणे. मुक्त प्रणाली म्हणजे जिची मूळ आज्ञावली सर्वांना पाहावयास, बदलावयास व वाटावयास मोकळी आहे अशी प्रणाली. तिला परवाना शुल्क नाही आणि जुन्या यंत्रांवर ती सहसा चांगली चालते. भारत सरकारनेही २०१५ मध्ये धोरण जाहीर करून शासकीय कामकाजात मुक्त प्रणालींना प्राधान्य दिले. असे असूनही दुसरा उपाय फारसा कोणी अवलंबीत नाही. ‘वापरावयास अवघड जाते’ असे त्याचे कारण सांगितले जाते. या तक्रारीत तथ्य किती, आणि मुक्त प्रणालींच्या कर्त्यांनी बाजारातील प्रणालींकडून काय शिकावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम ‘डेस्कटॉप’ म्हणजे काय ते पाहू. गिरगावातील चाळीचे उदाहरण घेता येईल. पाया, तुळया, पाण्याची टाकी, विजेची मुख्य जोडणी ही चाळीची अंतर्रचना. भाडेकरूचा तिच्याशी रोजचा संबंध येत नाही. त्याचा दिवस जातो तो जिना, गॅलरी, कोनाडे आणि खुंट्या यांच्याशी. संगणकातही असेच आहे. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये तयार केलेला लिनक्स हा पाया आणि टाकी होय. पडद्यावरील खिडक्या, यादी, बटणे, कळफलक बदलण्याची सोय हा जिना आणि गॅलरीचा भाग; त्यालाच डेस्कटॉप म्हणतात. मुक्त क्षेत्रात असे दोन मोठे डेस्कटॉप आहेत. त्यांपैकी ‘केडीई’ची घोषणा जर्मनीतील मथायस एट्टरिच या विद्यार्थ्याने १४ ऑक्टोबर १९९६ रोजी केली. (विंडोज १०ची सेवा बरोबर २९ वर्षांनी त्याच तारखेस संपली, हा योगायोग गमतीचा आहे.) तज्ज्ञांसाठी नव्हे, तर सामान्य वापरणाऱ्यासाठी एकसारखी, सुबोध मांडणी हवी, हा त्या घोषणेचा गाभा होता. ‘ग्नोम’चा प्रारंभ १९९७ मध्ये मेक्सिकोतील तरुणांनी केला. म्हणजे सामान्य माणसाची चिंता मुक्त प्रणालींना पहिल्या दिवसापासून होती. चिंता असणे आणि ती दूर करता येणे यांत मात्र अंतर राहिले.

हे अंतर का राहिले, हे लालबाग-परळच्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे काम जवळून पाहिलेल्यास सहज उमजेल. देखाव्याच्या कामास दहा हात पुढे येतात. रांग लावणे, चपलांची व्यवस्था, रात्री मंडप झाडणे ही कामे मात्र कोणाला तरी नेमूनच द्यावी लागतात. मुक्त प्रणाली बहुतांशी हौशी व स्वयंसेवी कार्यकर्त्यांच्या श्रमांवर उभी राहिली. नवी सोय घडविण्यास उत्साह असतो. तीच सोय दहा अनोळखी माणसांपुढे ठेवून ते कोठे अडखळतात हे टिपीत बसण्यास नसतो. व्यापारी कंपनी त्या कंटाळवाण्या कामाचे वेतन देते. मुक्त प्रणालींनी घ्यावयाचे बहुतेक धडे या कंटाळवाण्या कामांविषयीचेच आहेत.

मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत जवळचा धडा अक्षरांचा आहे. देवनागरीत अक्षरे एकापुढे एक ठेवून भागत नाही. ‘खुर्च्या’ या शब्दात रफार डोक्यावर जातो, ‘च’ अर्धा होतो. ‘किती’ मधील पहिली वेलांटी उच्चारात नंतर, परंतु लिहिताना आधी येते. ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतील अर्धा ‘र’ हे तर मराठीचे खास लेणे. युनिकोड या जागतिक संकेतात प्रत्येक वर्णाला क्रमांक असतो. त्या क्रमांकांवरून जोडाक्षर घडविण्याचे काम प्रणालीतील एका स्वतंत्र भागाकडे असते. विंडोजमध्ये या भागाचे नाव ‘युनिस्क्राइब’. २००० साली आलेल्या ‘विंडोज २०००’ मध्ये तो देवनागरीसाठी सिद्ध होता आणि त्याच्या जोडीला ‘मंगल’ हा टंक होता.

या टंकाचा इतिहास मुंबईकरांनी लक्षात ठेवावा असा आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संगणक केंद्रातून १९८५ मध्ये ‘राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र’ वेगळे झाले. जुहू येथील हे केंद्र पुढे प्रगत संगणन विकास केंद्रात, म्हणजे सी-डॅकमध्ये, विलीन झाले. प्रा. र. कृ. जोशी हे कवी, सुलेखनकार आणि पवईच्या आय.आय.टी.तील अध्यापक या केंद्राशी निगडित होते. ‘मंगल’ त्यांच्याच हातचा. त्याच केंद्रासाठी त्यांनी ‘रघु’ नावाचा देवनागरी टंक घडविला आणि तो मुक्त परवान्याखाली लिनक्ससाठी खुला झाला. एकाच हाताने बाजारातील प्रणालीला आणि मुक्त प्रणालीला अक्षर दिले, असे उदाहरण विरळा. पुढे २००४ मध्ये पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीने घडविलेले ‘लोहित’ टंक रेड हॅट कंपनीने मुक्त केले.

टंक मिळाले, परंतु जोडाक्षरे तुटतच होती. ग्नोम, केडीई आणि कार्यालयीन लेखनाचे साधन यांची अक्षरजोडणी वेगवेगळी होती. त्यामुळे एका खिडकीत शुद्ध दिसणारा शब्द दुसऱ्या खिडकीत विस्कटे. यावर ‘हार्फबझ’ या सामाईक अक्षरजोडणी यंत्रणेने मात केली. तिच्या कर्त्यांनी २०१२च्या सुमारास जे केले ते या लेखाच्या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण होय. त्यांनी विकिपीडियातील देवनागरी शब्दांची सुमारे सात लाखांची यादी केली. प्रत्येक शब्द विंडोजच्या युनिस्क्राइबकडून आणि आपल्या यंत्रणेकडून जोडून घेतला आणि फरक पडेल तेथे दुरुस्ती केली. शेवटी चुकणारे शब्द शंभराच्याही आत आले. इतर भारतीय लिप्यांसाठीही हाच मार्ग अवलंबिला. आज ग्नोम, केडीई, लिब्रेऑफिस, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड फोन या साऱ्यांत तीच यंत्रणा काम करते. प्रतिस्पर्ध्याची आज्ञावली त्यांना दिसत नव्हती. पण तिचे फळ दिसत होते आणि ते त्यांनी शब्दागणिक ताडून पाहिले.

एका बाबतीत मुक्त टंक पुढेही गेले. मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून निराळी आहेत. वर्णमाला व अक्षरवळणे यांच्या प्रमाणीकरणाचा निर्णय राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी काढला. ‘लोहित’सारख्या मुक्त टंकात मजकुराची भाषा मराठी असल्याचे सांगितले की ही वळणे आपोआप येतात. मात्र भाषा ‘सांगणे’ हे कोठल्या यादीत दडले आहे हे शिक्षकाला कोण सांगणार, हा प्रश्न उरतोच.

येथेच दुसरा धडा येतो, तो वापरणाऱ्याचे निरीक्षण करण्याचा. ‘विंडोज ९५’ घडविताना मायक्रोसॉफ्टने सामान्य माणसांना प्रयोगशाळेत बसवून, ते कोठे थबकतात हे पाहून, मांडणी पुन:पुन्हा बदलली. कोपऱ्यातील ‘स्टार्ट’ बटण त्यातूनच आले. ग्नोमवर असा शिस्तशीर अभ्यास २००१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने करविला. घड्याळांचे अनेक प्रकार आणि पर्यायांच्या लांबलचक याद्या पाहून माणसे गोंधळत होती. पुढील वर्षी आलेल्या ग्नोमच्या दुसऱ्या आवृत्तीत पर्याय कमी झाले आणि मांडणीचे लिखित नियम आले. जुन्या अनुयायांना ते रुचले नाही, परंतु निर्णय योग्यच होता. प्रत्येक पर्याय फुकट मिळत नाही. तो समजून घेण्याचा वेळ कोणीतरी देत असतो.

आपल्याकडे असे निरीक्षण कोठे करावे? दादर-गिरगावच्या टंकलेखन संस्थांतून मिनिटास ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या लिपिकांपासून प्रारंभ करावा. १८९७ मध्ये लालबाग येथे कुलुपांचा धंदा सुरू करणाऱ्या गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये टंकलेखन यंत्र बाजारात आणले. अशा यंत्रांवर बोटे बसलेली एक पिढी कार्यालयांत होती आणि तिच्याकडून शिकलेली दुसरी अजून आहे. त्यांचा कळफलक ‘रेमिंग्टन’ पद्धतीचा. प्रमाण कळफलक मात्र १९८६ मध्ये केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरविलेला ‘इनस्क्रिप्ट’. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. नवशिक्यास तो लवकर येतो. लिनक्समध्ये इनस्क्रिप्ट जन्मत:च असतो. टंकलेखकांचा कळफलकही मिळतो, परंतु तो वेगळा बसवून घ्यावा लागतो. जो लिपिक हे बसविणे जाणत नाही त्याच्या दृष्टीने तो कळफलक अस्तित्वातच नाही. प्रणाली बसविताना ‘मराठी’ निवडताच दोन्ही कळफलक समोर ठेवणे हे काम अवघड नाही. ते कोणीतरी मनावर घ्यावयास हवे.

शब्दांचेही तसेच. व्यापारी कंपन्या मराठीसाठी लिखित शैलीपुस्तिका आणि परिभाषासंग्रह ठेवतात, म्हणून एकाच आज्ञेला सर्वत्र एकच शब्द येतो. मुक्त डेस्कटॉपचे मराठीकरण स्वयंसेवकांनी आणि पुण्यातील काही अभियंत्यांनी निष्ठेने केले, तरी निरनिराळ्या हातांनी केले. त्यामुळे एका खिडकीत ‘साठवा’, दुसरीत ‘जतन करा’ असे घडते. शब्द एकत्र बसून ठरविण्याचा ‘फ्युएल’ हा उपक्रम २००८ पासून सुरू झाला, तो याच उणिवेपोटी.

तिसरा धडा सातत्याचा. त्यात दोन्ही बाजू नापास झाल्या आहेत. केडीईची चौथी आवृत्ती जानेवारी २००८ मध्ये पुरती तयार नसताना आली. ग्नोमच्या तिसऱ्या आवृत्तीने २०११ मध्ये सारी मांडणीच पालटली आणि नाराज मंडळींनी ‘माटे’ व ‘सिनॅमन’ असे वेगळे संसार थाटले. मायक्रोसॉफ्टनेही २०१२ मध्ये ‘विंडोज ८’ मधून स्टार्ट बटण काढले. ओरड होताच पुढील वर्षी बटण आणि २०१५ मध्ये जुन्या धर्तीची यादी परत आणली. शिकण्यासारखे आहे ते हे माघार घेणे, आणि सेवेची अखेरची तारीख अनेक वर्षे आधी जाहीर करणे. हा दुसरा गुण उबंटूने उचलला आहे. तिच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना पाच वर्षांची सेवा आधीच ठरलेली असते.

मुक्त डेस्कटॉप शासकीय कामात चालतो काय, अशी शंका घेणाऱ्यांनी न्यायालयांकडे पाहावे. ई-न्यायालय प्रकल्पात देशभरच्या जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी उबंटू-लिनक्सचा स्वीकार झाला. प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यातच १४,०००हून अधिक न्यायिक अधिकाऱ्यांना तिचे प्रशिक्षण देण्यात आले. गिरगाव अथवा भोईवाडा येथील न्यायालयातील प्रकरणाची पुढील तारीख पक्षकाराला घरबसल्या कळते, ती ज्या प्रकरण माहिती प्रणालीमुळे, ती पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने मुक्त साधनांवर उभारली. येथे यश आले ते सर्वांना एकच आवृत्ती, एकच प्रशिक्षण आणि विचारावयास एक ठिकाण मिळाल्यामुळे. केरळातील शासकीय शाळांतही हेच घडले. याउलट म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये निर्णय घेऊन सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर आणले, पण बाहेरून येणारे दस्तऐवज जुळेनात, तक्रारी व राजकारण वाढले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचे ठरले. २०२४ मध्ये जर्मनीच्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने पुन्हा मुक्त मार्ग धरला आहे, हेही नमूद केले पाहिजे.

ज्या शाळेस वा ग्रामपंचायतीस हा प्रयोग करावयाचा असेल तिने प्रथम काहीही न पुसता, पेन ड्राइव्हवरून प्रणाली चालवून पाहावी. तशी सोय बहुतेक सर्व लिनक्स आवृत्त्यांत असते. छपाई यंत्र चालते काय, अंकीय स्वाक्षरीचे साधन ओळखले जाते काय, हे त्याच बैठकीत कळेल. स्वाक्षरीच्या साधनाने बहुधा त्रास होतो. ते न चालल्यास एक यंत्र जुन्या पद्धतीचे वेगळे ठेवावे. श्री-लिपीसारख्या युनिकोडपूर्व टंकांत साठविलेली जुनी प्रोसिडिंगे व दाखले आधी युनिकोडमध्ये उतरवून घ्यावेत. नाही तर नव्या यंत्रावर ते निरर्थक चिन्हांसारखे दिसतील. मग ‘तऱ्हा, दऱ्या, खुर्च्या, ज्ञान, लक्ष, शाळा, ॲड.’ असे दोन ओळींचे लिखाण करून कागदावर छापून पाहावे. यांतील ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्येच आले असल्याने जुन्या टंकांत त्या जागी रिकामी चौकट उमटते. अशी चौकट किंवा तुटलेले जोडाक्षर आढळले, तर त्या कागदाचे छायाचित्र, प्रणालीचे नाव व आवृत्ती एवढी माहिती संबंधित प्रकल्पाच्या दोषनोंदवहीत पाठवावी. ही नोंदवही सर्वांना खुली असते. नोंद कोणी वाचली आणि दुरुस्ती कोणत्या आवृत्तीत झाली, हेही तेथेच पाहता येते.