घोड्याच्या तबेल्यातील बिछायत : निवड व विल्हेवाट

घोडा उभ्यानेच झोपतो, म्हणून त्यास अंथरुणाची फारशी गरज नाही, असा समज अनेक पशुपालकांत आढळतो. उभ्याने तो हलकी डुलकी घेऊ शकतो हे खरे. परंतु झोपेच्या सर्वांत गाढ अवस्थेत स्नायू पूर्ण सैल पडतात आणि त्यासाठी त्यास आडवे व्हावेच लागते. ओली, कठीण अथवा निसरडी जमीन असेल तर घोडा आडवा होण्याचे टाळतो. असे बरेच दिवस चालल्यास तो उभ्याउभ्या पेंगून गुडघ्यांवर कोसळू शकतो. गुडघ्यांवरील व कोपरांवरील जुन्या जखमांचे कारण शोधताना म्हणूनच प्रथम खालची जमीन पाहावी.

बिछायतीचे दुसरे काम मूत्र शोषण्याचे. मध्यम बांध्याचा घोडा दिवसाकाठी साधारणतः 15 ते 20 किलो लीद टाकतो व 5 ते 10 लिटर मूत्र विसर्जित करतो. मूत्रातील युरियावर जीवाणूंची क्रिया होऊन अमोनिया तयार होतो. तो जमिनीलगत सर्वाधिक असतो, म्हणजे नेमका तेथेच, जेथे शिंगरू नाक ठेवून निजते. उभ्या माणसास वास येत नाही एवढ्यावरून हवा शुद्ध मानू नये. तबेल्यात उकिडवे बसून, जमिनीपासून फूटभर उंचीवर श्वास घेऊन पाहावा. डोळे चुरचुरल्यास बिछायत बदलण्यास उशीर झाला आहे असे समजावे.

परदेशी पुस्तकांत गव्हाच्या काडास पहिली पसंती दिलेली असते. आपल्याकडे काड, कडबा व सरमड ही वैरण आहे. ती पायांखाली पसरणे शेतकऱ्यास परवडत नाही आणि रुचतही नाही. शिवाय घोडा ती खातो. माफक प्रमाणात हे चालते, परंतु भुकेला घोडा जाड, कोरडे काड भराभर खाऊ लागला आणि पाणी कमी प्याला, तर आतडे तुंबून पोटशूळ उद्भवतो. त्यामुळे आपल्या भागातील प्रश्न हा परिसरात वैरणीखेरीज काय मिळते, असाच मांडावा लागतो.

या दृष्टीने बंगळूरजवळील इलेक्ट्रॉनिक सिटीचा पट्टा अभ्यासण्याजोगा आहे. कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या गावांच्या जमिनीवर 1978 मध्ये ही वसाहत उभी राहिली. लगतच बोम्मसंद्र व जिगणी या औद्योगिक वसाहती आहेत, आणि आनेकल तालुक्यात अजूनही नाचणीची शेती होते. येथे घोडा ठेवणाऱ्यापुढे चार पर्याय येतात : नाचणीचे सरमड, मंड्याकडील गिरण्यांतून येणारे भाताचे तूस, तुमकूर-तिपटूर या नारळपट्ट्यातील काथ्याचा भुसा आणि कारखान्यांच्या परिसरात खोकी बनवणाऱ्यांकडील लाकडाचा भुसा. पैकी सरमड वैरणीतच जाते. उरलेल्या तिघांत सर्वांत स्वस्त आणि हाताशी असतो तो लाकडाचा भुसा. सर्वाधिक सावधगिरीही त्याच्याच बाबतीत हवी. चाकण व रांजणगाव परिसरातील पशुपालकांची स्थिती याहून निराळी नाही.

रंधा मारताना निघणारे पातळ, कोरडे साल हे घोड्यासाठी उत्तम साधन होय. ते मऊ असते, धूळ कमी करते आणि घोडा ते सहसा खात नाही. करवतीचा बारीक भुसा मात्र धुळीचा असतो. प्लायवूड व पार्टिकल बोर्ड यांच्या भुशात चिकटद्रव्य असते, त्यात फॉर्माल्डिहाइड असू शकते. तो पूर्णतः वर्ज्य मानावा. निर्यातीच्या घन लाकडी खोक्यांवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह व शिक्का असतो. त्यावर ‘एचटी’ असल्यास लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले असते. ‘एमबी’ असल्यास मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. दुसऱ्या प्रकारचा माल नाकारणेच बरे. शिक्का मुळीच नसल्यास निश्चिंत होऊ नये, कारण प्लायवूडच्या खोक्यांना हा शिक्का बंधनकारक नाही. हिरवट छटेचे लाकूडही टाळावे. वाळवी लागू नये म्हणून त्यात तांबे, क्रोमियम व आर्सेनिकचे क्षार मुरवलेले असण्याची शक्यता असते. जुनी खोकी फोडून केलेल्या भुशात खिळे सापडतात. पोते पसरण्यापूर्वी त्यातून मोठे लोहचुंबक फिरवण्यास पाच मिनिटे पुरतात. खुरात खिळा रुतल्यास धनुर्वाताचे संकट उभे राहते आणि या रोगास घोडा विशेष बळी पडतो. लसीकरण अर्थात हवेच.

भाताचे तूस स्वस्त असले तरी त्याच्या पृष्ठभागावरील सिलिकेमुळे ते पाणी फार कमी शोषते. पायाखाली ते सरकते, आणि बारीक कण डोळ्यांत जातात. नुसते तूस वापरण्यापेक्षा तळाशी त्याचा थर व वर काथ्याचा भुसा, ही रचना अधिक उपयुक्त वाटते. काथ्याचा भुसा स्वतःच्या वजनाच्या पाचपट व त्याहूनही अधिक पाणी धरतो, तर कोरडे लाकडी साल सुमारे दुप्पट धरते. आठ लिटर मूत्रासाठी हिशेबाने सालाचे चार किलो लागतील तेथे काथ्याचा दीड-पावणेदोन किलो भुसा पुरेल. प्रत्यक्षात लिदीबरोबर बराच माल निघून जातो, म्हणून खप याहून जास्तच धरावा. काथ्याच्या गडद रंगामुळे ओला भाग डोळ्यांस दिसत नाही, तो हाताने चाचपावा लागतो. आणि पूर्ण वाळला की तो धुळीसारखा उडतो. किंचित दमट राखल्यास हा दोष राहत नाही.

सुरुवातीच्या खर्चाचा अंदाज सोपा आहे. 12 फूट लांब व तितक्याच रुंद ठाणात अर्धा फूट थर घालावयाचा तर 72 घनफूट, म्हणजे सुमारे दोन घनमीटर माल लागतो. तुसाचे वजन घनमीटरला 100 किलोच्या आसपास भरते; म्हणजे प्रारंभीच दोन क्विंटलची तजवीज करावी लागेल. रबरी मॅट असल्यास थर पातळ चालतो, मात्र मॅट मूत्र शोषत नाही हे विसरू नये.

व्यायला आलेल्या घोडीसाठी यांपैकी काहीही नको. भुसा ओल्या शिंगरास चिकटतो व नाकपुड्यांत जातो. तेवढ्या काही दिवसांपुरता तरी स्वच्छ, लांब पेंढा घ्यावा. पेंढी उन्हात झटकून पाहावी. राखाडी धूर उठल्यास तो बुरशीचा असतो आणि असा पेंढा कोणत्याच घोड्याखाली घालू नये, कारण त्यातून दम्यासारखा चिवट श्वसनविकार जडतो. कळपाबरोबर फिरणाऱ्या धनगरांच्या भीमथडी घोड्यांना यातले काही लागत नाही. मुक्कामच हलत असतो. तीच जात ठाणबंद ठेवली की मात्र हे सारे नियम लागू होतात.

काढलेल्या बिछायतीचे काय करावे, याचा विचार खरेदीआधी व्हावा. लाकडी भुशात कर्ब व नत्र यांचे गुणोत्तर काहीशे पट असते. तो लिदीसह थेट शेतात टाकल्यास सूक्ष्मजीव जमिनीतील नत्र ओढून घेतात व पीक पिवळे पडते. असा माल खड्ड्यात शेण वा युरिया मिसळून पूर्ण कुजवावा. अळिंबी उत्पादकांना गव्हाच्या काडासह आलेली लीद हवी असते. भुसा मिसळलेली ते घेत नाहीत. दुर्गंधी कमी करण्यासाठी ठाणात चुना फेकण्याची पद्धत आहे, परंतु ओल्या बिछायतीवर चुन्याने अमोनिया उलट अधिक मोकळा होतो. त्याऐवजी खड्ड्यातील थरांवर सिंगल सुपर फॉस्फेट भुरभुरावे; नत्र टिकून राहतो.

ग्लँडर्सची शंका असलेल्या घोड्याची बिछायत मात्र खतासाठी नेऊ नये. तिला हात न लावता ठाण बंद करावे आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांस तत्काळ कळवावे. रोग निश्चित झाल्यास त्यांच्या देखरेखीखाली ती तेथेच नष्ट केली जाते.