पाहुणा गावाचा

(‘गावाची मिळकत’ : भाग ६)

मागच्या आठवड्यात आपण एकट्याच्या बळावर चालवलेल्या घरगुती मुक्कामाचा जमाखर्च मांडला. खोली नीटनेटकी, जेवण रुचकर, तरी वर्षातले बहुतेक दिवस गाद्यांच्या घड्या मोडत नाहीत, हे त्यातून दिसलं. खोली बघायला कुणी दोनशे किलोमीटर येत नाही. माणूस गाव बघायला येतो, आणि गाव एका घराच्या मालकीचं नसतं. मग त्याची जाहिरात तरी एकट्यानं कशी करायची? ती मिळून कशी करतात, हे आज वेळासच्या उदाहरणावरून पाहू.

वेळास रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीजवळ. नाना फडणवीसांचं मूळ गाव. माडा-पोफळीच्या वाड्या, जांभ्याची घरं आणि घरातली कर्ती माणसं मुंबईला. गणपतीला आणि शिमग्याला घर भरायचं, एरवी मोठ्या पडवीत दोन म्हातारी माणसं. या भागाच्या अर्थव्यवस्थेला लोक मनीऑर्डरची अर्थव्यवस्था म्हणत, ते उगाच नाही.

२००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेच्या भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांच्या खुणा सापडल्या. अंडी तेव्हा कोल्ही-कुत्री नाहीतर माणसं पळवत. संस्थेनं गावातल्याच लोकांना हाताशी धरून अंडी सुरक्षित जागी हलवायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. गावात ना हॉटेल, ना लॉज. येणाऱ्यांना ठेवायचं कुठं? चाकरमान्यांनी रिकाम्या ठेवलेल्या त्याच खोल्यांत. सतरंज्या अंथरल्या, चूल पेटली आणि गाव पाहुण्यांचं यजमान झालं.

महोत्सव म्हटलं की मंडप आणि भाषणं डोळ्यांसमोर येतात. इथं तसं काही नाही. सकाळी सात आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला सुरूच्या बनातून चालत किनाऱ्यावर जायचं. कुंपणाच्या आत वाळूत पुरलेल्या घरट्यांवर बांबूच्या टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात. कार्यकर्ता एकेक टोपली उचलतो. एकीखाली नुसती वाळू. दुसरीखालीही वाळू. तिसरी उचलली की खाली तळहाताच्या निम्म्याएवढी काळी पिल्लं वळवळत असतात. ती ओल्या वाळूवर सोडली की दोरीमागची गर्दी आपोआप गप्प होते. पिल्लू दोन पावलं टाकतं, थांबतं, लाट येते, उलटं पडतं, पुन्हा चालू लागतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शेजारच्या आजोबांनी नकळत माझा दंड धरला होता.

आता या अनुभवाचा बाजार कसा उभा राहतो, ते पाहा. तो कुठलंही एक घर विकू शकत नाही. किनारा सगळ्यांचा, राखण गावकऱ्यांची, जेवणखाण घराघराचं. म्हणून पहिली गरज एका दराची. राहणं-जेवण मिळून माणशी एक दर गावानं ठरवला की पाहुणा दारोदार घासाघीस करत फिरत नाही. एका घरानं शंभर रुपये उतरवले तर दुसरं दीडशे उतरवतं, आणि ते पैसे भरून निघतात ताटातून. आधी सोलकढी पातळ होते, मग उकडीचे मोदक बंद होतात, शेवटी चादरी धुणं लांबतं. त्यात पाहुण्याचं आणि गावाचं दोघांचंही नुकसान.

दुसरी गरज खऱ्या बातमीची, आणि माझ्या मते हेच सगळ्या जाहिरातीचं मर्म आहे. घरट्यात शंभरेक अंडी असतात आणि पिल्लं साधारण पंचेचाळीस ते साठ दिवसांत बाहेर येतात. घरटं कोणत्या तारखेला सापडलं हे नोंदवलेलं असलं की फेब्रुवारी-मार्चमधल्या कुठल्या आठवड्यात पिल्लांचा संभव आहे, हे सांगता येतं. सांगता येतो तो संभवच. खात्री देणं कुणाच्याही हातात नाही. फोनवर विचारणाऱ्याला “या शनिवारी अवघड आहे, पुढच्या आठवड्यात या” असं सांगताना आजचं गिऱ्हाईक हातचं जातं. पण खोली भरावी म्हणून एकानं “नक्की दिसतील” असं ठोकून दिलं, तर निराश झालेला माणूस परत जाऊन त्या घराचं नाव घेत नाही, वेळासचं नाव घेतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत कठीण: पाहुण्यांची वाटणी. रस्त्यालगतचं घर आधी भरतं आणि वाडीच्या टोकाचं ओस पडतं. कितीतरी गावांतले असे प्रयत्न याच ठिकाणी फसतात. यावर तोडगा कोकणाला बाहेरून आणायला नको. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते, तिचा क्रम ठरलेला असतो आणि टोकाचं घर आहे म्हणून कुणाला वगळत नाहीत. पाहुण्यांचीही अशीच पाळी लावता येते. नोंदणी एका वहीत, पाळी वहीप्रमाणे. एका घरी आठजण झाले की यजमानीण हाक मारते, “वैनी, तुमच्याकडं चार पाठवते हो!” ही हाक ज्या गावात ऐकू येते, तिथं मोठं हॉटेल नसलं तरी चालतं.

अशी जूट सरकारी पुढाकारानंही बांधता येते. पाचगणीजवळच्या स्ट्रॉबेरीच्या भिलार गावात ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झालं, तेव्हा पंचवीस ठिकाणी पुस्तकं मांडली गेली, त्यांत लोकांची राहती घरंसुद्धा होती. एखाद्याच्या ओसरीवर बसून फुकट वाचता येतं. पुस्तकांच्या निमित्तानं आलेला माणूस मग जेवतो, मुक्काम करतो, स्ट्रॉबेरी घेऊन जातो.

वेळासपुढचा प्रश्न मात्र उरतोच. कासवांचे दिवस मोजके, उरलेल्या महिन्यांचं काय? इथं गावाच्या वेशीबाहेर हात पुढं करावा लागेल. बाणकोटचा किल्ला, खाडी ओलांडून हरिहरेश्वरकडं नेणारी फेरीबोट, दापोली तालुक्यातलं आंजर्ले आणि तिथला कड्यावरचा गणपती, हे सगळं एका फेरीत बसतं. आंजर्ल्यातही कासव महोत्सव भरतो. वेळास भरलं तर फोन घेणाऱ्यानं आंजर्ल्याचा नंबर द्यावा, आंजर्ल्यानं वेळासचा. रिक्षावाला, होडीवाला, आमसुलं आणि आंबापोळी करणाऱ्या बाया यांची नावं एकाच कागदावर छापून प्रत्येक घरात लावावीत. या कामाला फार पैसा लागत नाही, पण चार गावच्या माणसांनी वर्षातून दोनदा एकत्र बसावं लागतं.

या मोसमात वेळासला जाणार असाल तर आधी फोन करा आणि मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवा. दर कमी करा म्हणू नका. एकाऐवजी दोन रात्री राहा, किनाऱ्यावर दोरीच्या मागं उभे राहा, मोबाइलचा दिवा बंद ठेवा. आणि निघताना ज्या घरी राहिलात त्याच्या शेजारच्या घरातूनही काहीतरी विकत घ्या.

(पुढच्या आठवड्यात : गावाचा सामाईक निधी आणि त्याचा हिशेब)